बडोद्याचा आखाडा : संरक्षण की स्पर्धा?

"मुलीला कराटे स्पर्धेसाठी शिकवू की स्वसंरक्षणासाठी?" असे पालक हल्ली विचारतात. आपल्या बडोद्याला हा प्रश्न नवा नाही.

खंडेराव महाराजांच्या काळी इथे 'नखी की कुस्ती' होई. मल्ल मुठीला शिंगाची नखे बांधून लढत. फ्रेंच प्रवासी लुई रूसेले याने १८६० च्या दशकात ती पाहून लिहून ठेवली. सांडलेले रक्त केवळ प्रेक्षकांसाठी असे.

जुम्मादादांच्या आखाड्याने वेगळी वाट दाखवली. उस्ताद मुसलमान, पट्टशिष्य मराठी : राजरत्न माणिकराव. त्यांनी कुस्ती-मल्लखांबाबरोबर लाठी शिकवली, सांघिक कवायतीला देशी हुकूम दिले. पारतंत्र्यात त्यांना पदकवीरांपेक्षा स्वतःचे रक्षण करणारा समाज हवा होता.

स्वातंत्र्यानंतर पारडे स्पर्धेकडे झुकले. १९५२ साली हेलसिंकीत खाशाबा जाधवांनी कुस्तीचे कांस्यपदक मिळवले. स्पर्धेत वजनगट, पंच, ठरलेली वेळ असते. रस्त्यावर यांतले काहीच नसते आणि हल्लेखोर एकटाच येईल असेही नाही. पण नुसते डाव घोकणाऱ्याचे हात ऐनवेळी गोठतात. जोर लावणाऱ्या माणसाशी भिडण्याची सवय झुंजीतच लागते.

म्हणून पदकांची रांग पाहून क्लास निवडू नका. जिथे रोज खरी झोंबी होते, तिथे मुलीला घाला. हिसडा देऊन सुटणे, मोठ्याने ओरडणे, पळणे हेही शिकवायला सांगा. स्पर्धेचे तिचे तिला ठरवू द्या.