हरवलेली मुलगी आणि वेषांतरित शोधक : एका स्वस्त चित्रपटाचा पूर्वेतिहास

रहस्यकथा हा प्रकार मराठी समीक्षेने फारसा गंभीरपणे घेतलेला नाही. बाबूराव अर्नाळकरांच्या कथा पिढ्यान्‌पिढ्या वाचल्या गेल्या. त्यांच्या लोकप्रियतेची नोंद करून समीक्षक बहुधा पुढे गेले. या उपेक्षेमागे एक गृहीत असते. रंजनप्रधान संहितेत कथानकाची क्लृप्ती असते, विचार नसतो. म्हणून तिचे विश्लेषण करण्यासारखे काही उरत नाही, असे हे गृहीत आहे. परंतु समाज एखाद्या क्लृप्तीलाच वस्तुस्थिती मानू लागला, तिच्या आधारे कायदे होऊ लागले आणि पोलीसही तिच्याच चौकटीत विचार करू लागले, तर त्या क्लृप्तीचा इतिहास लिहिणे हे समीक्षेचेच काम ठरते.

येथे विचारार्थ घेतलेली क्लृप्ती साधी आहे. शहरात एक तरुण मुलगी नाहीशी होते. शोधक स्वतःची ओळख लपवून गुन्हेगारांच्या गोटात शिरतो, पुरावा मिळवतो आणि मुलगी घरी परतते. आज अल्प खर्चाच्या असंख्य थरारपटांतून हे कथानक फिरते आहे. पूर्ण लांबीच्या चित्रपटात त्याचे ठळक रूप दिसते ते ‘ट्रॅफिक इन सोल्स’ या अमेरिकन मूकपटात. जॉर्ज लोन टकर याने दिग्दर्शित केलेला हा सहा रिळांचा चित्रपट २४ नोव्हेंबर १९१३ रोजी न्यूयॉर्कमधील जो वेबरच्या नाट्यगृहात प्रथम दाखवला गेला. त्याच्या निर्मितिखर्चाचा सुमारे ५,७०० डॉलर हा आकडा चित्रपटेतिहासात वारंवार येतो. उत्पन्न मात्र त्याच्या कित्येक पट झाले. पण या कथानकाचे मूळ चित्रपटसृष्टीत नाही. ते वृत्तपत्रात आहे, आणि तेथून प्रारंभ केल्याशिवाय त्यातील अंतर्विरोध ध्यानात येत नाही.

१

जुलै १८८५ मध्ये लंडनच्या ‘पॉल मॉल गॅझेट’ या सायंदैनिकाचा संपादक डब्ल्यू. टी. स्टेड याने ‘द मेडन ट्रिब्यूट ऑफ मॉडर्न बॅबिलॉन’ ही लेखमाला प्रसिद्ध केली. लंडनमध्ये अल्पवयीन मुलींची विक्री होते, हे त्याला सिद्ध करायचे होते. त्यासाठी तो वेश्याव्यवसायाच्या जगात ओळख लपवून वावरला. तेवढ्यावर न थांबता त्याने रिबेका जॅरेट या मध्यस्थ स्त्रीमार्फत एलायझा आर्मस्ट्राँग या तेरा वर्षांच्या मुलीला तिच्या घरातून पैसे देऊन आणवले. लेखमालेत ती ‘लिली’ या नावाने अवतरते. लेखमालेचा परिणाम तात्काळ झाला. त्याच वर्षी ब्रिटिश संसदेने संमतिवय तेरावरून सोळावर नेले.

परंतु या कथेला दुसरी बाजू आहे. एलायझाला पुढे फ्रान्समध्ये नेण्यात आले होते, आणि तिची आई तिला शोधत होती. स्टेडच्या दृष्टीने ‘लिली’ हा पुरावा होता. आईच्या दृष्टीने एलायझा हरवलेली होती. मुली हरवतात हे सिद्ध करण्यासाठी शोधकानेच एक मुलगी हरवली होती. न्यायालयात खटला उभा राहिला. मुलीला नेण्यास वडिलांची संमती नव्हती, या मुद्द्यावर स्टेड दोषी ठरला आणि त्याला तीन महिन्यांची शिक्षा झाली. स्टेडचा हेतू कळकळीचा होता, आणि ज्या अन्यायाविरुद्ध त्याने लिहिले तोही खराच होता. प्रश्न त्याच्या प्रामाणिकपणाचा नसून कथनपद्धतीचा आहे. वेषांतरित शोधकाच्या साहसाला कथेचे केंद्र दिले की मुलगी त्या साहसाचे साधन बनते, हे या प्रकाराच्या उगमाशीच स्पष्ट झाले होते.

२

पंचवीस वर्षांनी हेच कथानक अमेरिकेत नव्या आवेशाने सांगितले जाऊ लागले. ‘श्वेत गुलामगिरी’ हे त्याचे नाव होते. खेड्यातून आलेल्या किंवा परदेशातून उतरलेल्या गोऱ्या मुलींना पळवणारी एक सुसंघटित टोळी देशभर कार्यरत आहे, अशी समजूत रूढ झाली. १९१० मध्ये न्यूयॉर्कमध्ये जॉन डी. रॉकफेलर (धाकटे) यांच्या नेतृत्वाखाली विशेष ग्रँड ज्युरीने या प्रश्नाची चौकशी केली. मुलींचा व्यापार करणाऱ्या व्यक्ती आहेत, पण एकछत्री संघटना असल्याचा पुरावा नाही, असा तिचा निष्कर्ष होता. हा निष्कर्ष अनाकर्षक होता. विखुरलेल्या, क्षुद्र, दारिद्र्याशी निगडित अशा वास्तवाला खलनायक नसतो. कथानकाला मात्र तो हवा असतो.

कायदाही कथानकाच्या बाजूने गेला. त्याच वर्षी संमत झालेल्या मान कायद्याने ‘अनैतिक हेतूने’ स्त्रीला राज्याच्या सीमेपलीकडे नेणे हा गुन्हा ठरवला. १९१३ मध्ये या कायद्याखाली कृष्णवर्णीय मुष्टियोद्धा जॅक जॉन्सन दोषी ठरवला गेला. गोऱ्या स्त्रीशी असलेले त्याचे संबंध हेच खरे कारण होते. त्याला मरणोत्तर क्षमा मिळाली ती २०१८ मध्ये, म्हणजे एकशे पाच वर्षांनी. ‘श्वेत’ हे विशेषण येथे निरुपद्रवी नव्हते. हरवलेली म्हणून कोणाची दखल घ्यायची आणि पळवणारा म्हणून कोणाकडे बोट दाखवायचे, हे त्याने आधीच ठरवून टाकले होते.

३

‘ट्रॅफिक इन सोल्स’ची जाहिरात रॉकफेलर यांच्या नावाशी जोडली गेली, रॉकफेलर यांनी आपला संबंध नाकारला. संबंध नव्हताच असे मात्र म्हणता येत नाही, कारण चित्रपटाने ग्रँड ज्युरीचा निष्कर्ष नेमका उलटा केला. पडद्यावरची टोळी एखाद्या आधुनिक कंपनीसारखी आहे. मुली गोळा करणारे दलाल, हिशेब ठेवणारा मध्यस्थ आणि सर्वांच्या वर समाजसुधारक संस्थेचा प्रतिष्ठित अध्यक्ष विल्यम ट्रूबस, अशी तिची उतरंड आहे. सुधारणेचे कार्यालय वर आणि व्यापाराचे खाली, ही मांडणी ढोंगावरचे भाष्य म्हणून परिणामकारक आहे. ज्युरीला न सापडलेली संघटना चित्रपटाने प्रेक्षकाला दाखवली.

मिठाईच्या दुकानात काम करणाऱ्या दोन बहिणींपैकी धाकटी लोर्ना पळवली जाते. थोरली मेरी योगायोगाने ट्रूबसच्याच कार्यालयात नोकरीला लागते. तेथील श्रवणयंत्रातून खालच्या मजल्यावरचा आवाज तिच्या कानी पडतो आणि बहिणीला नेणाऱ्या माणसाचा तो आवाज ती ओळखते. मग ती कर्मचारी म्हणून वावरत हेरगिरी करते. वडिलांनी बनवलेल्या यंत्राच्या साहाय्याने मेणाच्या नळकांड्यांवर संभाषण मुद्रित केले जाते आणि पोलीस अधिकारी असलेल्या तिच्या प्रियकराच्या मदतीने टोळी पकडली जाते.

मूकपटात आवाज हाच पुरावा असावा, हा योग लक्षणीय आहे. तोदोरोव्हने १९६६ च्या निबंधात रहस्यकथेत दोन कथा असतात असे दाखवले : एक गुन्ह्याची, दुसरी तपासाची. या चित्रपटाच्या संदर्भात त्या विवेचनाला एक पुरवणी जोडावीशी वाटते. तिसरीही एक कथा असते. ती हरवलेल्या व्यक्तीची. पहिल्या दोन कथा एकमेकींना पुरवठा करतात, तिसरीला मात्र संहितेत जागा मिळत नाही. खलनायकाचे शब्द जपून ठेवण्यासाठी यंत्र आहे. लोर्नाचे शब्द जपण्यासाठी काही नाही. ती पळवली जाते, कोंडली जाते, सोडवली जाते. तिच्या वाट्याला आलेली सर्व क्रियापदे कर्मणी आहेत.

चित्रपटाची एक जमेची बाजू नोंदवली पाहिजे. येथे शोधक स्त्री आहे, नोकरी करणारी आहे, आणि तिच्या बुद्धीला वाव आहे. अशा चित्रपटांना तरुण स्त्रियांची मोठी गर्दी होत असे आणि त्याची टीकाकारांना चिंता वाटे, हेही सर्वज्ञात आहे. पण मेरीला मिळालेले कर्तृत्व लोर्नाच्या निष्क्रियतेच्या मोबदल्यात मिळाले आहे.

४

या कथनव्यवस्थेची किंमत काय, हे चार वर्षांनी त्याच शहरात दिसून आले. फेब्रुवारी १९१७ मध्ये रूथ क्रूगर ही अठरा वर्षांची मुलगी बर्फावर घसरण्याच्या स्केट्सना धार लावून आणण्यासाठी हार्लेममधील एका मोटारसायकल-दुरुस्तीच्या दुकानात गेली आणि परतली नाही. पोलिसांनी ती प्रियकरासह पळून गेली असावी असे मानले. वृत्तपत्रांना श्वेत गुलामगिरी दिसली. दोन्ही तयार कथानके होती, आणि दोन्हींत मुलगी दूर कोठे तरी गेलेली होती. दुकानाची झडती होऊनही तळघर वाचले गेले नाही. दुकानदार इटलीला निघून गेला, तरीही संशयाची दिशा पुरेशी बदलली नाही.

ग्रेस ह्युमिस्टन या वकील स्त्रीने तपास हाती घेतला आणि तळघर खणण्याचा आग्रह धरला. जूनमध्ये रूथचा मृतदेह तेथेच सापडला. दुकानदार आल्फ्रेदो कोक्की याला पुढे इटलीत शिक्षा झाली. टोळी नव्हती, कार्यालय नव्हते, अध्यक्ष नव्हता. घराजवळच्या दुकानातला परिचित माणूस होता. ह्युमिस्टनचे यश कथानक बाजूला ठेवून जागा पाहण्यात होते. आणि तरीही तिच स्त्री लवकरच कथानकाच्या आहारी गेली. लष्करी छावणीच्या परिसरातील मुलींविषयी तिने केलेले मोठे आरोप तिला सिद्ध करता आले नाहीत, आणि तिची प्रतिष्ठा ढासळली.

५

या इतिहासातून रंजनप्रधान साहित्यावर नैतिक ठपका ठेवावा, असा येथे हेतू नाही. मुलींची विक्री होत होती, आजही होते. भीती निराधार नव्हती. पण भीतीला आकार देणारे कथानक निरागस नसते. ते पुरावा कशाला म्हणायचे हे ठरवते, संशयित कोण हे सुचवते आणि कोणाच्या हरवण्याची बातमी व्हावी हेही निवडते. स्टेडला एलायझाची आई दिसली नाही, चित्रपटाला लोर्नाचा शब्द ऐकू आला नाही, पोलिसांना तळघर दिसले नाही. या तिन्ही न दिसण्यांमागे दृष्टिदोष नसून कथनाचा संकेत आहे.

म्हणून अशा संहितांसमोर समीक्षकाने कथानक विश्वसनीय आहे की नाही एवढेच विचारून थांबू नये. कथानक सुटसुटीत होण्यासाठी कोणाला मुके राहावे लागले, हा प्रश्न विचारला पाहिजे. ‘ट्रॅफिक इन सोल्स’ २००६ पासून अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट-नोंदणीत समाविष्ट आहे. तो जपला गेला आहे, पाहता येतो. त्यातील मेणाच्या नळकांड्यांवर कोणाचा आवाज उतरला हे आपल्याला कळते. ज्यांचा उतरला नाही त्यांची नोंद करणे हे काम समीक्षेसाठी शिल्लक आहे.