भरतीचें यंत्र आणि त्याचे कागद

माझे वडील पाटबंधारे खात्यांत ओव्हरसियर होते. त्यांच्यामागें मखमली पेटींतलें एक प्लॅनिमीटर घरांत राहिलें. नकाशावरील तळ्याच्या कडेनें त्याची सुई एकदां फिरविली कीं लहानसें चाक क्षेत्रफळ सांगतें. झाकणाला आंतून एक छापील कोष्टक चिकटविलेलें होतें. पेटी साफ करतांना वाळवी लागलेला तो कागद मीं खरवडून फेंकून दिला. पितळ लखलखीत झालें. पण कोणत्या प्रमाणाच्या नकाशाला भुजा किती लांब ठेवावी, हें सांगणारें कांहींच उरलें नाहीं.

इलेक्ट्रॉनिक गणकयंत्रें येण्यापूर्वीं चाकांच्या फेऱ्यांनीं आणि तारेच्या लांबीनें गणित करणारीं पुष्कळ यंत्रें झालीं. त्यांतलें एक थोर यंत्र भरती-ओहोटीचें. समुद्राची भरती ही एकच लाट नसून अनेक लहानमोठ्या लाटांची बेरीज असते. चंद्रामुळें उठणारी मुख्य लाट सुमारें १२ तास २५ मिनिटांनीं परत येते, सूर्याची १२ तासांनीं. याशिवाय आणखी कित्येक. विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्व्हिन, यांनीं १८७२-७३ च्या सुमारास प्रत्येक लाटेसाठीं एक चाक योजिलें. सर्व कप्प्यांवरून एकच तार नेली आणि तिला लेखणी जोडली. मूठ फिरविली कीं लेखणी बेरीज कागदावर काढी, आणि वर्षभराच्या भरत्या कांहीं तासांत हातीं येत.

असेंच एक यंत्र १८७९ सालीं एडवर्ड रॉबर्ट्स यांच्या देखरेखीखालीं लंडनच्या लेजे कंपनीनें हिंदुस्थानच्या बंदरांसाठीं बांधलें. मुंबईच्या अपोलो बंदरावर १८७८ पासून पाण्याची उंची नोंदली जात होती. अशा नोंदींवरून प्रत्येक लाटेची उंची व वेळ काढीत आणि त्याप्रमाणें चाकें लावीत. म्हणजे मुंबई यंत्रांत नव्हती, ती कागदावर होती. कागद बदलला कीं तेंच यंत्र कराचीचें होई.

या भेदाचें मोल महायुद्धांत कळलें. लिव्हरपूलजवळच्या बिड्स्टन वेधशाळेंत आर्थर डूडसन यांच्याकडे अशीं दोन यंत्रें होतीं. एकाच बाँबनें दोन्ही जाऊं नयेत म्हणून तीं इमारतीच्या दोन टोंकांना ठेविलेलीं होतीं. ऑक्टोबर १९४३ मध्यें ब्रिटिश आरमाराच्या जलालेखन खात्यांतील कमांडर विल्यम फार्कहरसन यांनीं ११ लाटांचे आंकडे पाठवून पुढच्या एप्रिलपासून चार महिन्यांच्या भरत्या मागविल्या. जागेचें नांव दिलेलें नव्हतें. तिला केवळ 'पोझिशन झेड' म्हटलें होतें. ती जागा म्हणजे नॉर्मंडीचा किनारा. जर्मनांनीं वाळूंत रोवलेले अडथळे ओहोटीलाच उघडे पडत. म्हणून सैन्य उतरण्याची वेळ ओहोटीनंतर लगेच हवी होती. ६ जून १९४४ हा दिवस निवडण्यांत या आंकड्यांचा वाटा मोठा होता.

पुढें इलेक्ट्रॉनिक गणकांनीं हें काम घेतलें. त्या दोहोंपैकीं रॉबर्ट्सचें यंत्र आज डागडुजी होऊन लिव्हरपूलमध्यें पाहावयास मिळतें. परंतु त्याचीं चाकें कितीहि न्याहाळलीं तरी नॉर्मंडी त्यांत सांपडणार नाहीं. ती सांपडते जपून राहिलेल्या पत्रांत. त्यांच्याच आधारें ब्रूस पार्कर यांनीं २०११ सालीं ही हकीकत विस्तारानें मांडली. जुनीं यंत्रें जमविणारे पितळेला किंमत देतात. कागद मात्र पुष्कळदां रद्दींत जातात.

माझ्या प्लॅनिमीटरची अडचण मीं पुढें दूर केली. ठाऊक त्रिज्येचें वर्तुळ काढून त्यावर सुई पुनःपुन्हां फिरविली आणि भुजेचें माप शोधून काढलें. दोन संध्याकाळ लागल्या. पण त्या कोष्टकाच्या कडेला वडिलांनीं पेन्सिलीनें कांहीं तळ्यांचीं नांवें लिहिलीं होतीं. तीं कोणतीं, हें आतां कोणतेंहि वर्तुळ सांगणार नाहीं. आपल्या घरीं अशी एखादी पेटी असेल, तर पुसण्याआधीं तिचें झाकण उघडून वाचा, एवढीच माझी विनंति.