पहिलं कोण?

लहानपणी जामनेरला आबांच्या गोठ्यात दोन म्हशी होत्या. म्हैस माजावर आली की नाही हे ओळखणं आबांचं खास काम. गाय हंबरून गाव डोक्यावर घेते, म्हैस मात्र कित्येकदा काही दाखवतच नाही. त्याला म्हणतात मुका माज. तो हुकला की पुढचे २१ दिवस थांबा! आबा पहाटेच उठून बघायचे आणि हाक मारायचे, "डाक्टरले बलाव रे!" डॉक्टर मोटरसायकलवर नायट्रोजनचा कॅन घेऊन यायचे. झाकण उघडलं की पांढरा धूर, आणि त्यातून निघायची रेताची गोठलेली कांडी. आम्हा पोरांना धुरातच इंटरेस्ट :-)

परवा वीकांताला 'एक डॉक्टर की मौत' (१९९०) पाहिला आणि तो धूर आठवला. सिनेमातला डॉक्टर कुष्ठरोगावरची लस शोधतो. पण ज्यांच्या आयुष्यावरून तो सुचला, त्या कलकत्त्याच्या डॉ. सुभाष मुखोपाध्यायांचं काम होतं टेस्ट ट्यूब बेबीचं.

थोडं शाळेतलं आठवूया. म्हैस असो की माणूस, मुख्य सूत्रं मेंदूच्या हाती. मेंदू पियुषिका ग्रंथीला सांगतो, ती एफएसएच नावाचं संप्रेरक सोडते, त्याने अंडाशयात बीज वाढतं. बीज वाढताना अंडाशय इस्ट्रोजेन सोडतं. ते पुरेसं झालं की पियुषिका एलएचचा मोठा लोंढा सोडते आणि बीज बाहेर पडतं. मग प्रोजेस्टेरॉन गर्भाशयाचं अस्तर गर्भासाठी तयार करतं. म्हणजे प्रत्येक पायरी आधीच्या पायरीच्या सिग्नलवर अवलंबून. आमच्या प्रॉडक्शन सर्व्हरसारखंच, एक सर्व्हिस लवकर सुरू केली की पुढचं सगळं गडबडतं.

इंग्लंडमधल्या एडवर्ड्स आणि स्टेप्टो यांना हाच त्रास झाला. हार्मोन देऊन जास्त बीजं मिळायची, पण गर्भ टिकेना. शेवटी त्यांनी इंजेक्शनं सोडली. लघवीतलं एलएच दर काही तासांनी तपासून निसर्गाने दिलेलं एकच बीज गाठलं. २५ जुलै १९७८ ला लुईस ब्राऊन जन्मली. एक प्रकारे आबांचंच काम, माजावर नजर ठेवण्याचं!

मुखोपाध्यायांनी उलटी वाट धरली. त्यांनी हार्मोनची इंजेक्शनं दिली, एकाहून जास्त बीजं मिळवली. पण इंजेक्शनांनी त्या महिन्यातलं अस्तराचं गणित बिघडतं ना? मग गर्भ गोठवून ठेवायचे आणि शरीर नेहमीच्या चक्रावर आलं की सोडायचे. गर्भ ५३ दिवस द्रव नायट्रोजनमध्ये राहिला. ३ ऑक्टोबर १९७८ ला दुर्गा जन्मली, लुईसनंतर फक्त ७० दिवसांनी.

पुढचं वाचून डोकं फिरतं. राज्य सरकारने चौकशी समिती नेमली आणि समितीने दावा उडवून लावला. परिषदेसाठी परदेशी जायची परवानगी मिळाली नाही. १९८१ मध्ये त्यांची बदली कुठे झाली, तर डोळ्यांच्या संस्थेत! १९ जून १९८१ ला त्यांनी आत्महत्या केली.

आता आपली मुंबई. ६ ऑगस्ट १९८६ ला परळच्या के.ई.एम. रुग्णालयात हर्षा जन्मली. डॉ. इंदिरा हिंदुजा आणि परळच्याच प्रजनन संशोधन संस्थेचे डॉ. टी. सी. आनंद कुमार यांचं हे काम. 'भारतातली पहिली टेस्ट ट्यूब बेबी' म्हणून तिचं नाव सामान्यज्ञानाच्या पुस्तकांत गेलं. मीही शाळेत हेच पाठ केलं होतं.

गोष्ट इथे संपली असती. पण १९९७ मध्ये आनंद कुमार कोलकात्याला गेले असताना मुखोपाध्यायांच्या हस्तलिखित नोंदी त्यांच्या हाती आल्या. त्यांनी त्या बारकाईने वाचल्या आणि 'करंट सायन्स'मध्ये लेख लिहिला की, पहिलं काम मुखोपाध्यायांचंच. म्हणजे स्वतःच्या नावावरचा 'पहिला' हा शिक्का स्वतःच पुसला. कुणी मागितला नव्हता, न्यायालयात खटला नव्हता. नोंदी कपाटात ठेवल्या असत्या तर कुणाला कळलंही नसतं.

हर्षाला आजही 'शास्त्रीय नोंद असलेली पहिली' म्हणतात, आणि त्या दोघांचं काम त्याने लहान होत नाही. गर्भ गोठवून पुढच्या चक्रात सोडणं आज जगभरच्या दवाखान्यांत रोजचं आहे. एडवर्ड्सना २०१० मध्ये नोबेल मिळालं. मुखोपाध्यायांना मिळाला तो आनंद कुमारांचा लेख, तोही गेल्यावर १६ वर्षांनी.

हे सगळं इतकं लागायचं कारण सांगतो. गेल्या महिन्यात आमच्या टीममधल्या एका ज्युनियर पोराने रात्रभर जागून एक बग शोधला. क्लायंटच्या मेलमध्ये आभार माझे आले. मी 'थँक्स' लिहून मोकळा झालो. चूक दुरुस्त करायला दोन ओळी पुरल्या असत्या.

असो. त्या दोन ओळी ड्राफ्टमध्ये लिहून ठेवल्यात. उद्या सोमवार, हापिसात गेल्या गेल्या पाठवतो, सगळ्यांना सीसी ठेवून.