हायड्रोजन ड्यूटेराइड आयन

एक प्रोटॉन, एक ड्यूटेरॉन आणि त्यांना बांधून ठेवणारा एकच इलेक्ट्रॉन असलेला रेण्वीय आयन, चिन्ह एचडी+. हायड्रोजन रेणू-आयनाचा (एच२+) हा समस्थानिकीय भाऊ. रेणूची याहून साधी घडण नाही, आणि पुंजसिद्धांताची कठोर परीक्षा घेण्यासाठी तो निवडला जातो तो याच साधेपणामुळे. तिन्ही कणांची ऊर्जा एका सूत्रात लिहिता येत नाही, पण संगणकीय पद्धतीने ती हवी तितक्या अचूकपणे काढता येते. त्यावर सापेक्षतेच्या व पुंज विद्युत् गतिकीच्या दुरुस्त्या चढवाव्या लागतात. दूब्ना (रशिया) येथील व्लादिमीर कोरोबोव्ह आणि पॅरिसचे लॉरां हिलिको व झाँ-फिलिप कार यांनी हे गणित अनेक वर्षे चिकाटीने पुढे नेले. त्याविना प्रयोगातले आकडे मुके राहिले असते.

प्रयोग : विल्यम विंग आणि सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये आयन-शलाकेवर या आयनाच्या कंपन-परिवलन रेषा मोजल्या. खरी अचूकता आली ती आयन पिंजऱ्यात धरल्यावर. रेडिओ-कंप्रतेच्या विद्युत् क्षेत्राने बनवलेल्या पॉल पिंजऱ्यात बेरिलियमचे आयन ३१३ नॅनोमीटरच्या लेसरने थंड करतात. एचडी+ वर हा लेसर चालत नाही, पण विद्युत् प्रतिसारणातून बेरिलियम त्याचीही उष्णता काढून घेते आणि तापमान काही मिलिकेल्विनवर येते. मग एका लेसरने आयन उत्तेजित करायचे व दुसऱ्याने केवळ उत्तेजित झालेलेच तोडायचे. किती उरले ते पिंजऱ्यातील एचडी+ आयन विद्युत् क्षेत्राने हलवून बेरिलियमच्या प्रकाशातील बदलावरून कळते.

ॲम्स्टरडॅमच्या फ्रीये विद्यापीठातील येरून कूलमेय यांच्या गटाने २०२० मध्ये ४१५ टेराहर्ट्झची द्विफोटॉन रेषा मोजली. जवळजवळ सारख्या तरंगलांबीचे दोन फोटॉन विरुद्ध दिशांनी सोडल्याने डॉप्लर परिणाम बहुतांशी रद्द होतो. ही युक्ती या मोजमापाचा प्राण आहे. त्यातून प्रोटॉन-इलेक्ट्रॉन द्रव्यमान गुणोत्तर १८३६.१५२६७३४ च्या आसपास आले. २०१७ मध्ये पेनिंग पिंजऱ्यातील मोजमापाने प्रोटॉनचे द्रव्यमान पूर्वीच्या स्वीकृत मूल्यापेक्षा किंचित कमी ठरवले होते. एका रेणूच्या प्रकाशातून, सर्वस्वी वेगळ्या वाटेने निघालेला आकडा या नव्या मूल्याशी जुळला, म्हणून त्याचे मोल मोठे. २०२० मध्येच ड्युसेलडॉर्फ येथे श्टेफान शिलर यांच्या गटाने १.३ टेराहर्ट्झची परिवलन रेषा मोजली व तिचाही निष्कर्ष याला पोषक ठरला.

मतभेद : अतिसूक्ष्म संरचनेच्या काही गुणांकांत सिद्धांत आणि प्रयोग यांत विसंगती नोंदली गेली आहे, तिच्या कारणाबाबत एकमत नाही.

एच२+ : कायमस्वरूपी विद्युत् द्विध्रुव नसल्याने हाताळण्यास कठीण, अलीकडे झुरिक व ड्युसेलडॉर्फ येथे अभ्यास.

उपयोग : मूलभूत स्थिरांक ठरवणे, अज्ञात बलांवर मर्यादा घालणे.