रस्ताच पट होतो तेव्हा

बोरी अरबकडच्या माणसाला शंकरपट काय समजावून सांगायचा? जोडी सुटली की काही सेकंदांत निकाल! पण 24 नोव्हेंबर 1968 रोजी लंडनहून सुटलेली मोटारींची शर्यत सिडनीला संपली ती 17 डिसेंबरला. 98 मोटारींपैकी 72 मुंबईहून बोटीने पुढे ऑस्ट्रेलियात गेल्या. त्याआधी दिल्लीहून इंदूरमार्गे मुंबईकडे येताना वाटेत माणसांची ही गर्दी! कौतुकापोटी लोक पुढे सरकत आणि रस्ताच अरुंद होई. त्यातून सारे निभावले खरे. पण पुढे ऑस्ट्रेलियात अखेरच्या टप्प्यावर आघाडीची बियांकी-ओजिए यांची सित्रोएन समोरून आलेल्या मोटारीवर आदळली आणि अँड्र्यू कोवन जिंकला. तेव्हा वाचकहो, पट जरूर बघावा; पण वाट मोकळी ठेवून!