आपत्कालीन वैद्यकीय सेवेतील पदवीची निवड : रत्नागिरी जिल्हा

अपघात, हृदयविकाराचा झटका, सर्पदंश, अडलेले बाळंतपण अशा प्रसंगी रुग्णापाशी पोहोचून, जागच्या जागी उपचार सुरू करून त्याला रुग्णालयाच्या दारापर्यंत सुखरूप नेण्याचे शास्त्र शिकवणारा पदवी अभ्यासक्रम. व्यवहारात ही पदवी घेणाऱ्याला 'पॅरामेडिक' किंवा 'ईएमटी' म्हणतात. प्रवेशासाठी साधारणपणे बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र लागते. पदवीचे नाव मात्र सगळीकडे एक नाही. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात अपघात व आपत्कालीन उपचार तंत्रज्ञान अशी पदवी मिळते, तर कर्नाटकच्या राजीव गांधी आरोग्य विज्ञान विद्यापीठात आपत्कालीन व आघात उपचार तंत्रज्ञान असा विषय आहे. नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची 'बीपीएमटी' ही पॅरामेडिकल पदवी शाखांनुसार दिली जाते आणि प्रत्येक महाविद्यालयात प्रत्येक शाखा नसते. प्रयोगशाळेची किंवा शस्त्रक्रियागृहाची शाखा घेऊन ॲम्ब्युलन्सवर काम मिळेल, अशा समजुतीत कोणी राहू नये.

रत्नागिरीच्या विद्यार्थ्यापुढचा खरा पेच नोकरीचा आहे. महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची सेवा २६ जानेवारी २०१४ रोजी सुरू झाली. पहिल्या ताफ्यात ९३७ रुग्णवाहिका होत्या : २३३ प्रगत जीवरक्षक आणि ७०४ मूलभूत जीवरक्षक. या सेवेचे वेगळेपण असे, की इतर बहुतेक राज्यांप्रमाणे गाडीत ईएमटी न बसवता महाराष्ट्राने डॉक्टर बसवला. हे डॉक्टर प्रामुख्याने आयुर्वेद किंवा होमिओपॅथीचे पदवीधर असतात. पुण्याच्या सिंबायोसिसने अशा डॉक्टरांसाठी आपत्कालीन सेवेची पदव्युत्तर पदविकाही चालवली. म्हणजे राज्यातील सर्वांत मोठ्या रुग्णवाहिका सेवेत ज्या जागी पॅरामेडिक बसायचा, त्या जागी बीएएमएस किंवा बीएचएमएस बसलेला आहे. गाडीत डॉक्टर आहे याचा रुग्णाच्या नातेवाइकांना धीर वाटतो, हे खरे. पण या धोरणामुळे पॅरामेडिक हा स्वतंत्र पेशा राज्यात मुळे धरू शकला नाही, हेही तितकेच खरे.

गोव्याच्या सीमेवरचा बांद्याचा नाका ओलांडला की चित्र बदलते. गोव्यात २००८ पासून १०८ सेवा आहे आणि तिथल्या गाडीत रुग्णाजवळ ईएमटी असतो, चालकाला 'पायलट' म्हणतात. हाच साचा २००५ मध्ये हैदराबादेत तयार झाला आणि पुढे अनेक राज्यांनी तो उचलला. राजापूर-लांज्याच्या मुलाने ही पदवी घेतली, तर त्याला मुंबईपेक्षा पणजी जवळची ठरू शकते. ज्याला जिल्ह्यातच सरकारी नोकरी हवी आहे, त्याने आधी बी.एस्सी. नर्सिंगचा विचार करावा. सरकारी रुग्णालयांत अधिपरिचारिकेची पदे मंजूर असतात. ॲम्ब्युलन्सचीच ओढ असलेल्याने मात्र परराज्यात जाण्याची तयारी ठेवूनच अर्ज भरावा.

कामाची गरज जिल्ह्याला किती आहे, हे भूगोलच सांगतो. मंडणगड ते राजापूर असे नऊ तालुके, शेजारी समुद्र, मधून मुंबई-गोवा महामार्ग आणि वर जाणारे घाट. १९ मार्च २०१३ च्या पहाटे गोव्याहून मुंबईला निघालेली खासगी बस खेडजवळ जगबुडी नदीच्या पुलावरून कोसळली आणि ३७ जण दगावले. राज्यात १०८ सुरू व्हायला तेव्हा दहा महिने बाकी होते. महामार्गावर मोफत धावणाऱ्या नाणीजच्या नरेंद्राचार्य संस्थानाच्या ॲम्ब्युलन्स जिल्ह्याला परिचित आहेत. लोटे-परशुरामच्या रासायनिक वसाहतीतले स्फोट आणि डिसेंबर २०२४ मध्ये जयगड परिसरात वायूच्या त्रासाने रुग्णालयात न्यावी लागलेली शाळकरी मुले, हा या प्रश्नाचा औद्योगिक चेहरा. ५०० हून अधिक कामगारांच्या कारखान्यात रुग्णवाहिका कक्ष हवा, असे बंधन १९४८ च्या कारखाने अधिनियमाने घातले होते. त्यामुळे मोठे कारखाने आणि बंदरे हेही पॅरामेडिकचे संभाव्य मालक ठरतात. जाहिरातींत त्यांचा उल्लेख क्वचितच सापडतो.

रोजचे काम मात्र बरेचसे 'रेफर'चे असते. रत्नागिरीच्या सिव्हिल रुग्णालयातून रुग्ण कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयात हलवायचा, म्हणजे आंबा घाटातून सुमारे १३० किलोमीटर आणि घाट धरून साधारण तीन तास. ॲम्ब्युलन्समधल्या 'बी' प्रकारच्या भरलेल्या सिलिंडरात सुमारे १,५०० लिटर ऑक्सिजन मावतो. रुग्णाला मिनिटाला १० लिटर लावला, तर तो १५० मिनिटांत, म्हणजे अडीच तासांत संपतो. घाटात एखादा ट्रक आडवा झाला, की त्याहून पंचाईत. दुसरा सिलिंडर गाडीत आहे का, त्याची चावी कुठे आहे, प्रवाह कमी केला तर रुग्णाचे ऑक्सिजनचे प्रमाण टिकते का, सक्शन यंत्राची बॅटरी किती उरली, हे निघण्याआधी तपासणारा माणूस गाडीत लागतो. चांगल्या अभ्यासक्रमात ही आकडेमोड पाठ्यपुस्तकात नुसती छापलेली नसते, ती विद्यार्थ्याच्या अंगवळणी पाडली जाते.

कोकणाचा अभ्यासक्रम विंचवाशिवाय पुरा होत नाही. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रायगड जिल्ह्यातील सरकारी आरोग्य केंद्रांत काम करताना लाल विंचवाच्या दंशाचे रुग्ण वर्षानुवर्षे पाहिले : दरदरून घाम, थंड पडलेले हातपाय, उलट्या आणि अखेर फुप्फुसांत साठणारे पाणी. रक्तदाबावरचे प्राझोसिन हे औषध या विषाच्या परिणामांवर उपयोगी पडते, हे त्यांचे निरीक्षण १९८६ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. साधी तोंडाने द्यायची गोळी, पण ती वेळेवर सुरू झाली तरच खरी. ॲम्ब्युलन्समधल्या माणसाला दंशाची लक्षणे ओळखता येणे आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने उपचार लवकर सुरू होणे, हे इथे जीवनमरणाचे ठरते. परदेशी पुस्तकांवर बेतलेल्या वर्गांत गोळीबाराच्या जखमांवर तास खर्च होतात आणि विंचू परिशिष्टात जातो. महाविद्यालय निवडताना विंचूदंश किती शिकवतात, हे जरूर विचारावे.

कायद्याची बाजू अलीकडे बळकट झाली आहे. राष्ट्रीय सहाय्यक व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग अधिनियम, २०२१ च्या अनुसूचीत आपत्कालीन वैद्यकीय तंत्रज्ञ अर्थात पॅरामेडिकचा समावेश आहे. सहाय्यक व्यावसायिकासाठी किमान २,००० तासांचे आणि आरोग्यसेवा व्यावसायिकासाठी किमान ३,६०० तासांचे शिक्षण या कायद्याने ठरवले. सहा महिन्यांत 'पॅरामेडिक' करून देणाऱ्या गल्लीबोळांतल्या संस्थांना हा आकडा दाखवला, की बोलणे बहुधा तिथेच थांबते. अपघातानंतरच्या पहिल्या तासाला, म्हणजे 'गोल्डन अवर'ला, २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात स्थान मिळाले. तो तास गाडीत कोणी सांभाळायचा, हे मात्र राज्याराज्यांवर राहिले.

परदेशी नोकरीचा विचार असेल, तर तिकडचे नियमही पाहावेत. ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२१ पासून पॅरामेडिक म्हणून नोंदणीसाठी पदवीची पातळी आवश्यक झाली. ऑस्ट्रेलियात २०१८ च्या अखेरीस पॅरामेडिकची देशपातळीवर नोंदणी सुरू झाली. भारतीय पदवी तिकडे थेट चालत नाही. वेगळी पात्रता सिद्ध करावी लागते. एजंट हे सांगत नाहीत.

जिल्ह्यात शिकवण्याची सोय वाढते आहे. सावर्डे-डेरवण इथे वालावलकर रुग्णालयाशी जोडलेले वैद्यकीय महाविद्यालय २०१५ पासून, तर रत्नागिरीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०२३ पासून सुरू आहे. दोन्हींच्या मागे भरगच्च कॅज्युअल्टी आहे आणि या विषयाला वर्गखोलीपेक्षा कॅज्युअल्टीच अधिक लागते. जिल्ह्याच्या रस्त्यांकडे पाहता, आपत्कालीन सेवेची स्वतंत्र पदवी रत्नागिरीत चालवली जावी ही मागणी अवाजवी म्हणता येणार नाही.

प्रवेश घेण्याआधी महाविद्यालयाकडून चार गोष्टी लेखी घ्याव्यात : पदवी देणारे विद्यापीठ कोणते, प्रत्यक्ष ॲम्ब्युलन्सवर आणि कॅज्युअल्टीत किती तास मिळणार, इंटर्नशिप कोणत्या रुग्णालयात, आणि मागच्या तुकडीतले विद्यार्थी आज कुठे कामाला आहेत. जीवरक्षक उपचारांचे अमेरिकन हार्ट असोसिएशनचे प्रमाणपत्र अभ्यासक्रमात धरले असेल, तर त्याची मुदत दोन वर्षांचीच असते; ते शेवटच्या वर्षात मिळते की पहिल्या, हेही विचारून घ्यावे.