चौथीच्या उंबरठ्यावरचा उन्हाळा: उजळणीचा इतिहास

१/ आजचा धागा एका लहानशा घरगुती प्रसंगावरून सुचला. मेहकरात मे महिन्यात दुपारी रस्ते ओस पडतात. अशाच एका दुपारी चौथीत जाणाऱ्या माझ्या धाकट्या चुलतबहिणीला आजीने विचारले, ‘सात आठे किती?’ मार्चमध्ये घडाघड येणारे उत्तर मे महिन्यात येईना. मुलगी ओशाळली. आजी मात्र स्वतःच पुटपुटू लागली: सात सवाई पावणेनऊ, सात दिडी साडेदहा, सात औट साडेचोवीस.

२/ आजी स्वतः चौथीपर्यंतच शिकलेली. शाळा सुटून पासष्टाहून अधिक वर्षे लोटली, तरी तिचे वाचन सुटले नाही आणि पाढे विसरले नाहीत. नातीचे पाढे मात्र सहा आठवड्यांत धूसर झाले. दोष मुलीच्या बुद्धीचा नव्हे. शाळा बंद असताना शिकलेले टिकवायचे कसे, हा प्रश्न जुना आहे. मराठी मुलखाने त्याची निरनिराळ्या काळी निरनिराळी उत्तरे दिली. त्यांचा हा धावता आढावा.

३/ आरंभ एका शब्दापासून करू. पाढ्यांच्या पुस्तकाला आपण ‘उजळणी’ म्हणतो. उजळणे म्हणजे लख्ख करणे. तांब्या-पितळेचे भांडे न घासता ठेवले की काळवंडते. पाठ केलेल्या विद्येचेही तसेच होते, हे या शब्दाने गृहीत धरले आहे. एकदा शिकवले की काम संपले, असा भ्रम जुन्या शिक्षकाला नव्हता. शिकणे एकदाच, उजळणे मात्र रोज, अशी ती व्यवस्था होती.

४/ पंतोजींच्या शाळेत मूल प्रथम धूळपाटीवर अक्षरे गिरवी. फळीवर बारीक धूळ पसरायची, काडीने अक्षर काढायचे, पुसायचे, पुन्हा काढायचे. त्यानंतर बोरू आणि शाई. मुळाक्षरे, बाराखड्या, अंक, पाढे, हिशेब आणि मोडी वाचन असा हा क्रम. दिवस मावळताना सर्व मुले एका सुरात पाढे म्हणत. हाच ‘परवचा’. पुढे घरोघरी दिवेलागणीला मुलांनी पाढे, तिथी, महिने आणि नक्षत्रे म्हणण्यालाही हेच नाव रूढ झाले.

५/ त्या पाढ्यांचा विस्तार पाहिला म्हणजे आज आश्चर्य वाटते. पूर्णांकांच्या पाढ्यांनंतर अपूर्णांकांचे पाढे असत: पावकी (पाव), निमकी (अर्धा), पाऊणकी (पाऊण), सवायकी (सव्वा), दिडकी (दीड), अडीचकी (अडीच) आणि औटकी (साडेतीन). लिहिताना एक उभी रेघ म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. म्हणून साडेतीन ‘३॥’ असे लिहीत. ‘सात औट साडेचोवीस’ म्हणजे ७ × ३॥ = २४॥.

६/ हे निव्वळ घोकंपट्टीचे प्रदर्शन नव्हते. त्यामागे बाजार होता. रुपयाचे १६ आणे, आण्याचे ४ पैसे, म्हणजे रुपयाचे ६४ पैसे. मणाचे ४० शेर, खंडीचे २० मण. रुपयाला अडीच शेर धान्य मिळत असेल, तर चौदा रुपयांचे किती? अडीचकी येणारा क्षणात ‘पस्तीस’ म्हणे. मूल शाळेत जे पाठ करी, ते घरच्या व्यवहारात रोज कानावर पडे. त्यामुळे वेगळा सराव न करताही त्याची उजळणी होत राही.

७/ आता सुटीचे पाहू. पंतोजींच्या शाळेचे सुटीचे दिवस तिथी आणि सण यांवर ठरत. सुगीच्या दिवसांत मुले शेतावर जात, ते वेगळेच. उन्हाळ्यातील सलग, निश्चित तारखांची सुटी रुजली ती सरकारी शाळांच्या वेळापत्रकाबरोबर. मेहकर तेव्हा वऱ्हाडात होते. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाडाचा कारभार इंग्रजांच्या हाती सोपवला आणि १८६६ मध्ये तेथे स्वतंत्र शिक्षण खाते सुरू झाले.

८/ येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. जुन्या शाळेचे कौतुक करताना तिचे दार कोणासाठी उघडे होते, हे विसरता कामा नये. त्या शाळांत प्रामुख्याने उच्चवर्णीय आणि व्यापारी घरांतील मुलगे असत. मुली आणि अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींची मुले जवळजवळ नव्हतीच. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा काढली. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे जोतीरावांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याची मागणी केली. माझी आजी चौथीपर्यंत पोचली, ती या वाटेने.

९/ त्या शाळांतील एक पद्धत मात्र जगभर गेली. मोठ्या मुलांनी लहानांना शिकवायचे, ही रीत येथे जुनीच. अँड्र्यू बेल या स्कॉटिश पाद्र्याने मद्रासमध्ये देशी शाळेतील मुले वाळूत अक्षरे गिरवताना पाहिली. ती युक्ती आणि मुलांनीच मुलांना शिकवण्याची पद्धत त्याने आपल्या अनाथाश्रमाच्या शाळेत वापरली आणि १७९७ मध्ये त्यावर पुस्तिका छापली. इंग्लंडात ती ‘मद्रास पद्धत’ म्हणून गाजली. सुटीत थोरल्या भावंडाने धाकट्याचे पाढे म्हणवून घेणे, हे त्याच रीतीचे घरगुती रूप होय.

१०/ विसाव्या शतकात प्रश्नाचे स्वरूप बदलले. शाळा वाढल्या, पण मुले दोन-तीन वर्षांत शाळा सोडत आणि शिकलेले विसरून जात. १९२९ च्या हार्टोग समितीने याचे भीषण चित्र मांडले. १९२२-२३ मध्ये पहिलीत असलेल्या दर १०० मुलांपैकी १९२५-२६ मध्ये केवळ १८ मुले चौथीत होती. किमान चार वर्षांचे शिक्षण झाल्याविना साक्षरता टिकत नाही, ही धारणा तेव्हापासून दृढ झाली. चौथी हा असा उंबरठा ठरला.

११/ हा प्रश्न महाराष्ट्रातही बारकाईने तपासला गेला. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेने १९५५ मध्ये धनंजयराव गाडगीळ आणि वि. म. दांडेकर यांचा सातारा जिल्ह्यातील प्राथमिक शिक्षणावरील ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात दोन पाहण्या होत्या. एक मुलांच्या गळतीची, आणि दुसरी शाळा सोडल्यावर पुन्हा निरक्षर होण्याची. उन्हाळ्यातील विस्मरण आणि हे विस्मरण यांत फरक फक्त काळाच्या लांबीचा आहे.

१२/ यावर सर्वांत दूरदर्शी तोड काढली ती बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी. त्यांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये ती सक्ती संपूर्ण संस्थानाला लागू केली. परंतु ते तेथे थांबले नाहीत. वाचायला शिकलेल्याच्या हाती पुढे पुस्तकच पडले नाही, तर शाळेचा खर्च व्यर्थ! १९१० मध्ये त्यांनी अमेरिकेहून विल्यम बोर्डन या ग्रंथपालास पाचारण केले. गावोगावी ग्रंथालये उभी राहिली, आणि पुस्तकांनी भरलेल्या पेट्या खेड्यांतून फिरू लागल्या.

१३/ शाळेबाहेरचे वाचन मुलांपर्यंत नेण्याचे काम मासिकांनीही केले. वासुदेव गोविंद आपटे यांनी १९०६ मध्ये मुलांसाठी ‘आनंद’ सुरू केले. स्वातंत्र्यानंतर ‘चांदोबा’ने खेड्यापाड्यांतील मुलांना गोष्टींची गोडी लावली. १९६७ मध्ये बालभारतीची स्थापना झाली आणि १९७१ मध्ये तिने ‘किशोर’ मासिक काढले. १९६७ च्या ग्रंथालय कायद्याने गावोगावच्या सार्वजनिक ग्रंथालयांना अनुदानाचा आधार दिला. पाठ्यपुस्तक मिटल्यावरही वाचायला काही उरावे, यासाठीची ही सारी खटपट होती.

१४/ गणिताच्या बाबतीत मात्र उलटे घडले. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली आणि रुपयाचे १०० नये पैसे झाले. १९५८ पासून टप्प्याटप्प्याने मेट्रिक वजने-मापे आली. हिशेब सुलभ झाला, यात शंका नाही. पण पावकी-निमकीचा व्यवहारातील आधार गेला. बाजाराकडून आपोआप होणारी उजळणी थांबली. पाढे केवळ शाळेपुरते उरले, आणि शाळा बंद झाली की त्यांचे म्हणणेही बंद झाले. आजी आणि नात यांच्यातील अंतराचे एक कारण येथे सापडते.

१५/ चौथीला आणखी एक महत्त्व होते, ते शिष्यवृत्ती परीक्षेचे. १९५४-५५ पासून चालत आलेल्या या परीक्षेने ग्रामीण भागातील कित्येक मुलांना पहिल्यांदा स्वतःच्या गुणवत्तेची जाणीव करून दिली. २०१६-१७ पासून ती चौथी-सातवीऐवजी पाचवी-आठवीला घेतली जाऊ लागली. २०२५ मध्ये शासनाने पुन्हा चौथी-सातवीकडे वळण्याचा निर्णय घेतला. त्यामुळे तिसरी-चौथीमधला उन्हाळा पालकांच्या दृष्टीने पुन्हा ‘तयारीचा’ झाला आहे. वर्गांच्या जाहिरातीही त्याबरोबर आल्याच.

१६/ पण उन्हाळ्यात मुले खरोखर किती विसरतात? अमेरिकेत हॅरिस कूपर आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये अनेक अभ्यासांचे संकलन केले. सरासरी नुकसान सुमारे एका महिन्याच्या शिक्षणाएवढे दिसले. आकडेमोड आणि शब्दांचे अचूक लेखन यांत ते अधिक होते. वाचनात सधन घरांतील मुले टिकून राहिली, गरीब घरांतील मुले मागे पडली. पुढे २०१९ मध्ये पॉल फॉन हिपेल यांनी मोजमापाच्या पद्धतींवर शंका घेतली. नव्या चाचण्यांत तेवढी घसरण सर्वत्र आढळत नाही, असे त्यांनी दाखवले. तेव्हा घाबरून जाण्याचे कारण नाही.

१७/ मात्र आपल्याकडे एक फार मोठी ‘सुटी’ होऊन गेली आहे. ‘असर’ च्या पाहणीनुसार, ग्रामीण भारतात दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणारी तिसरीतील मुले २०१८ मध्ये २७.३ टक्के होती. करोनाकाळात शाळा बंद राहिल्या आणि २०२२ मध्ये हे प्रमाण २०.५ टक्क्यांवर आले. २०२४ मध्ये ते पुन्हा २७.१ टक्के झाले. गेलेले परत आले, ही समाधानाची बाब. पण चारपैकी सुमारे तीन मुले साधा मजकूर सहज वाचू शकत नसताना चौथीच्या दारात उभी राहतात, हे वास्तव तसेच आहे.

१८/ चौथीपासून मुलाला ‘वाचायला शिकणे’ पुरत नाही. परिसर, इतिहास, गणितातील शाब्दिक उदाहरणे ‘वाचून शिकावी’ लागतात. ज्याचे वाचन अडखळते, त्याचे गणितही अडते, कारण उदाहरणच कळत नाही. अशा मुलाला आपण मठ्ठ ठरवून मोकळे होतो. हार्टोगच्या अहवालातील ८२ मुले आज वर्गाच्या पटावर दिसतात, एवढीच काय ती प्रगती म्हणायची का? पटावर असणे आणि शिकत असणे यांत अंतर पडू शकते.

१९/ मग इतिहासातून हाती काय लागते? तीन गोष्टी. परवचा सांगतो: थोडे, पण रोज आणि मोठ्याने. बाजार सांगतो: हिशेबाला प्रत्यक्ष वस्तू हवी. बडोदे सांगते: मुलाच्या हाती पुस्तक पोचले पाहिजे. यासाठी महागडा वर्ग लागत नाही. दिवेलागणीला दोन पाढे, आठवडी बाजारातून परतल्यावर पिशवीतील जिन्नसांचा तोंडी हिशेब, पाव लिटर दूध आणि पाऊण किलो साखर यांतून अपूर्णांक, आणि झोपण्यापूर्वी कोणाला तरी वाचून दाखवलेले एक पान. वीस-पंचवीस मिनिटांचे हे काम आहे.

२०/ यातील ‘कोणाला तरी’ हा भाग महत्त्वाचा. ज्या घरात आई-वडील दिवसभर मजुरीवर असतात, किंवा ज्यांना स्वतःला वाचता येत नाही, तेथे ऐकणारे कोण? अशा वेळी सातवीतील ताई, शेजारचा दादा, गावचे ग्रंथालय यांची गरज लागते. ‘पालकांनी लक्ष द्यावे’ असे म्हणून जबाबदारी झटकणे सोपे आहे. जुन्या शाळेने हे काम मोठ्या मुलांवर सोपवले होते आणि बडोद्याने शासनावर. एकट्या घरावर ते कोणीच टाकले नव्हते.

२१/ आमच्या घरी आता संध्याकाळी आजी औटकी म्हणते आणि नात वहीत आकडे मांडून ती बरोबर आहे का, ते तपासते. तपासता तपासता सातचा पाढा परत आला. त्या बदल्यात नात आजीला ‘किशोर’मधली गोष्ट वाचून दाखवते, आजीची नजर आता बारीक अक्षरांवर ठरत नाही. चौथी शिकलेली बाई चौथीत जाणाऱ्या मुलीकडून ऐकते आहे. तुमच्या घरी पावकी-निमकी येणारे कोणी असेल, तर या सुटीत त्यांना म्हणायला सांगा आणि मुलांना शेजारी बसवा. आपल्या भागातील पाढ्यांची निराळी नावे आठवत असतील, तर खाली अवश्य लिहा.

(धागा समाप्त)